वेस, दवंडी आणि कुर्डुवाडीचे स्टेशन

आमच्या शाळेच्या संगणक-खोलीत, दाराच्या वर छताला लागून, एक काळी लोखंडी पेटी भिंतीला ठोकलेली आहे. तिच्या जाळीतून दिवसरात्र हिरवे दिवे लुकलुकत असतात. पाचवीत नव्याने आलेली मुले दरवर्षी न चुकता विचारतात, "सर, दिवाळीची माळ अजून काढली नाही का?" मी हसतो आणि सांगतो की, ही माळ काढली तर आपली शाळा जगापासून तुटेल. पण खरे सांगायचे तर, त्या पेटीकडे मी हसून पाहू लागलो त्याला फार वर्षे झालेली नाहीत. त्याआधी एक रात्र अशी येऊन गेली की त्या दिव्यांनी माझी झोप उडवली होती. त्या रात्रीपासूनच मला या पेटीतल्या वस्तूंचा इतिहास शोधण्याचे वेड लागले. दिवाळीच्या फराळाबरोबर तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे रंगकुंचल्यांची परीक्षा. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. यंत्राशी संबंध आला तो वडिलांच्या मागापुरता. ते सोलापुरी चादरीच्या कारखान्यात कामाला होते. चादरीवरचा मोर ज्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवरून मागावर उतरतो, ते पुठ्ठे मी लहानपणी उन्हाकडे धरून पाहत असे. असा मी संगणक-खोलीचा कारभारी कसा झालो? तर खोलीच्या किल्ल्या सांभाळायला कोणी तयार नव्हते, आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याकडे शाळेतली सगळी कामे आपोआप चालत येतात.

त्या दिवशी विडी कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपत होती. सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा घरातला पुरुष गिरणीत जाई आणि बाई विड्या वळी. गिरण्या बंद पडल्या, विड्या राहिल्या. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या आया आजही मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी पाने कातरत बसलेल्या दिसतात. अशा नऊ मुलांचे अर्ज मला भरायचे होते. आयांना संध्याकाळी पाचला बोलावले होते. चार वाजता मी खोली झाडून घेतली. पेटीतून एक निळी वायर लोंबत होती आणि तिचे टोक मोकळे होते. चित्रकाराच्या डोळ्याला लोंबती गोष्ट खपत नाही. मी स्टुलावर चढलो आणि ते टोक एका रिकाम्या भोकात नीट बसवले. 'टक्' असा आवाज झाला. मला फार समाधान वाटले.

पाच वाजता आया आल्या, मुले आली, कागदांच्या पिशव्या उघडल्या. पण संगणकावर पान काही उघडेना. मी संगणक बंद करून सुरू केले. पुन्हा केले. बाहेरच्या सायबर कॅफेसमोर शेवटच्या दिवसाची रांग होती. माझा फोन तेव्हा बटणांचा. मी वर पाहिले, तर पेटीतले सगळे दिवे एकाच वेळी, वेड लागल्यासारखे, लुकलुकत होते. मला ते शुभचिन्ह वाटले. इतके दिवे लागतात, म्हणजे आत जोरात काम चालले असणार! मग मी वाऱ्याला, विजेला आणि शेवटी ग्रहांना दोष देत बसलो.

रात्री दहाच्या सुमारास एका मुलाने आमच्या गल्लीतल्या तात्यांना बोलावून आणले. तात्या म्हणजे टेलिफोनच्या खांबांवर उभे आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पेटीकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, "मास्तर, आज कशाला हात लावलात?"

"कशालाच नाही," मी म्हणालो. आणि मला त्या क्षणी ते खरेच वाटत होते.

तात्यांनी वाद घातला नाही. ते स्टुलावर चढले आणि एकेक वायर काढून दिव्यांकडे पाहू लागले. निळी वायर निघाली मात्र, आणि सगळे दिवे शांत झाले; पहिल्यासारखे संथ, सवडीने लुकलुकू लागले. "हिचे दुसरे टोक कुठे आहे ते पाहिलेत का?" त्यांनी विचारले. दुसरे टोक त्याच पेटीत, त्याच डब्यात, चार भोके पलीकडे होते. मी एका वायरची दोन्ही टोके एकाच डब्यात खोचून ठेवली होती.

आठ अर्ज बारा वाजायच्या आत भरून झाले. नववी मुलगी खोलीतच बसून होती, पण तिची आई सातलाच घरी गेली होती. सकाळी विड्या मोजून द्यायच्या होत्या. बँकेचे पुस्तक आणि कामगाराचे ओळखपत्र तिच्याबरोबर गेले होते. मी सायकलवर तिच्या घरी जाऊन परत आलो तेव्हा मुदत संपून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी शिष्यवृत्तीएवढी रक्कम पाकिटात घालून त्या मुलीला दिली. तिने पाकीट परत केले. "सर, हे तुमचे पैसे आहेत," ती म्हणाली. "मला माझे मिळणार होते." यावर काय बोलावे हे एका कादंबरीकाराला सुचले नाही. पण एक प्रश्न मात्र डोक्यात बसला. एका हातभर वायरने सारी शाळा मुकी कशी केली? तो प्रश्न घेऊन मी तात्यांच्या ओट्यावर जाऊ लागलो, पुस्तके चाळू लागलो, आणि हळूहळू ध्यानात आले की ही पेटी म्हणजे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा तर आपल्या ओळखीच्या गोष्टींसारखाच आहे.

आरंभ तारेपासून करावा लागतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 साली सोलापुराला पोहोचली. आगगाडी जिथे जाई तिथे रुळांच्या कडेने तारेचे खांब जात; तारेवाचून गाडी सुखरूप चालवता येत नसे. हिंदुस्थानात तारायंत्राचा पहिला प्रयोग ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने 1839 साली कलकत्त्याजवळ केला होता, आणि 1855 साली तारखाते सर्वसामान्य लोकांसाठी खुले झाले. पण तारेला एक जन्मजात दुखणे होते. अंतर वाढले की विजेचा प्रवाह क्षीण होई आणि पलीकडच्या टोकाला यंत्र हलतसुद्धा नसे. यावर पूर्वीच्या डाकेसारखाच उपाय निघाला. घोडा थकला की चौकीवर ताजा घोडा जोडतात. इथे थकलेला प्रवाह एका नाजूक विद्युतचुंबकाला हलवी. तो चुंबक दुसऱ्या, ताज्या बॅटरीच्या मंडलाची कळ दाबी. आणि तोच संदेश नव्या दमाने पुढे निघे. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीने ही युक्ती 1835च्या सुमारास दाखवली. तिचा आजचा वंशज म्हणजे 'रिपीटर'. त्याला बुद्धी नाही. काय चालले आहे हे त्याला कळत नाही. ऐकले ते ठणठणीत आवाजात पुन्हा म्हणायचे, एवढेच त्याचे काम. संगणकाची साधी वायर 100 मीटरपुढे नेऊ नये असा नियम आहे, आणि त्यापुढे जायचे तर वाटेत असा कोणीतरी उभा करावा लागतो.

आता ती वायर. एकदा मी तिचे साल काढून पाहिले. आत आठ बारीक तारा निघाल्या. दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ घातलेला. मला वडिलांची आठवण झाली. सुताला पीळ का देतात हे सोलापुरात पोरालाही ठाऊक असते: बळ यावे म्हणून. तारेला मात्र बळासाठी पीळ देत नाहीत. शेजारून विजेची दुसरी तार गेली की तिची कुरकुर या तारेत उतरते. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या म्हणजे ती कुरकुर दोघींत सारखी उतरते. संदेश मात्र दोघींमधल्या फरकाने वाहत असतो. म्हणून सारखी उतरलेली कुरकुर पलीकडे वजा होऊन जाते. ही कल्पना टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याची, 1881 सालची. त्यातही गंमत अशी की, चारही जोड्यांचा पीळ कमीजास्त ठेवलेला असतो. सगळ्यांचा पीळ सारखा असता तर जोड्याच एकमेकींचे बोलणे ऐकत बसल्या असत्या.

पेटीच्या बाहेर, खिडकीजवळ, एक छोटा डबा आहे. त्याला 'मोडेम' म्हणतात. हा डबा समजून घ्यायला मला कुर्डुवाडीला जावे लागले, म्हणजे मनाने. आमच्या जिल्ह्यात कोणाला कुर्डुवाडी सांगावी लागत नाही. मुंबईहून येणारा मोठा लोहमार्ग साडेपाच फूट रुंदीचा, आणि 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अवघी अडीच फुटांची. दोन्हींची गाठ पडे ती कुर्डुवाडीला. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर चालत नसे. माल असो की माणूस, तिथे उतरायचे आणि दुसऱ्या गाडीत चढायचे. पंढरीचे किती वारकरी, किती बोचकी आणि किती लेकुरे त्या फलाटावरून इकडची तिकडे झाली असतील! माणसे तीच, वाट पंढरीचीच, फक्त गाडी बदललेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते अरुंद रूळ उखडून रुंद करण्यात आले, आणि कुर्डुवाडीची ती उतराउतर संपली.

मोडेम म्हणजे कुर्डुवाडीचे स्टेशन. संगणक बोलतो तो केवळ 'आहे' आणि 'नाही' या दोन शब्दांत. टेलिफोनची तार मात्र माणसाच्या आवाजासाठी केलेली. तिला चढउतार लागतात. मोडेम 'आहे-नाही'चे सूर करतो आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा 'आहे-नाही' करतो. ज्यांनी 1995नंतरची ती वर्षे पाहिली आहेत त्यांना टेलिफोनमधून येणारा तो कर्कश, किंकाळीसारखा आवाज आठवत असेल. तो दोन मोडेमांचा एकमेकांशी चाललेला परिचय असे: तुला किती वेगाने बोललेले समजते, मला किती समजते. अमेरिकेत हवाई संरक्षणाच्या यंत्रणेसाठी 1950च्या दशकात मोडेम वापरात आले, आणि बेल कंपनीचा प्रसिद्ध मोडेम 1962 साली निघाला. तो सेकंदाला 300 खुणा पाठवी. त्या वेगाने या लेखाचे एक पान जायलाही मिनिटे लागली असती.

पेटीच्या आतले राज्य वेगळे. तिथे दूरचा प्रवास नसून एकाच वाड्यातल्या बिऱ्हाडांचे बोलणे असते. याचा शोध कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. रॉबर्ट मेटकाफ या तरुण संशोधकाने 22 मे 1973 रोजी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर ते खरे करून दाखवले. त्याला नाव दिले 'ईथरनेट'. एक जाड वायर साऱ्या खोल्यांमधून फिरवायची आणि सगळ्या संगणकांनी तिच्यावर बोलायचे. शिस्त एकच: दुसरा बोलत असेल तर थांबावे, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प होऊन, आपल्या मनाला येईल तेवढा वेळ थांबून, पुन्हा बोलावे. आमच्या शिक्षकांच्या सभेला हा नियम लागू करावा असे मी एकदा सुचवले होते. ते मंजूर झाले नाही.

या बोलण्यात कोण कोणाशी बोलतो हे कळावे म्हणून प्रत्येक संगणकात एक 'नेटवर्क कार्ड' असते, आणि त्या कार्डावर कारखान्यातच एक क्रमांक कोरलेला असतो. ही त्याची जन्मखूण. 48 खुणांच्या या क्रमांकाचे सुमारे 281 लाख कोटी प्रकार होऊ शकतात, म्हणून जगात कोणा दोघांची खूण सहसा सारखी येत नाही.

पुढे घराघरांतून फिरणारी जाड वायर गेली आणि मधोमध एक डबा ठेवून त्यातून प्रत्येक संगणकाला स्वतंत्र वायर देण्याची पद्धत आली. त्या डब्याला 'हब' म्हणत. हब म्हणजे दवंडीवाला. पाटलाने एकासाठी निरोप दिला तरी हा चौकात उभा राहून साऱ्या गावाला ओरडून सांगणार. ज्याचा निरोप आहे त्याने घ्यावा, बाकीच्यांनी कानाआड करावा. गाव लहान असेपर्यंत ठीक. गाव वाढले की नुसता गलबला.

त्यावर उपाय निघाला तो 'स्विच', आणि इथे इतिहासात आपल्या ओळखीचे नाव भेटते. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्याबरोबर 1987 साली कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले: 'कल्पना'. या कल्पना कंपनीने 1990 साली सात तोंडांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. अनेक तोंडांचा असा तो पहिलाच. चार वर्षांनी सिस्को या मोठ्या कंपनीने कल्पना विकत घेतली. आज जगातल्या लक्षावधी पेट्यांमध्ये स्विच आहेत, पण त्यांच्या मुळाशी एका बाईचे नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

स्विच हा दवंडीवाला नव्हे, पोस्टमन. आणि तोही गल्लीत नवा आलेला. पहिल्या दिवशी त्याला कोणाचे घर ठाऊक नसते, म्हणून तो दारोदार विचारतो. पण कोणत्या दारातून कोणाचे पत्र बाहेर पडले हे तो ध्यानात ठेवतो. ज्या भोकातून जी जन्मखूण बोलली ती त्याने वहीत टिपली. पुढच्या वेळी त्या खुणेचे पत्र आले की तो थेट त्याच दारी जातो. शेजारच्या घराला पत्ताही लागत नाही. शिकवण्यासाठी कोणी नाही, शाळा नाही. नुसत्या पाहण्यावर त्याने गल्ली शिकून घेतली. मास्तर म्हणून मला या डब्याचे कौतुक वाटते.

पण या हुशार पोस्टमनचीही एक फजिती होते, आणि ती मी केली. काही निरोप सगळ्यांसाठीच असतात. 'अमुक पत्त्याचा संगणक कोण आहे? हात वर करा,' असे नव्या संगणकाला विचारावेच लागते. असा निरोप स्विच सगळ्या भोकांतून बाहेर सोडतो. त्या दिवशी त्यातला एक निरोप निळ्या वायरीत शिरला, तिच्या दुसऱ्या टोकातून त्याच स्विचमध्ये परत आला, आणि स्विचला वाटले की हा नवाच निरोप. त्याने तो पुन्हा सगळीकडे सोडला. तो पुन्हा परत आला. असे क्षणात हजारो वेळा. ईथरनेटच्या निरोपाला मरण नसते. आता पुरे, असे सांगणारी खूण त्याच्या अंगावर नसते. थोड्याच वेळात साऱ्या वायरी त्याच एका प्रश्नाने तुडुंब भरल्या आणि खऱ्या पत्रांना जागाच उरली नाही. जे लुकलुकणे मला काम वाटले, तो एकाच प्रश्नाचा आक्रोश होता.

हे दुखणे शास्त्रज्ञांना माझ्या आधीच माहीत होते, याचे मला बरेही वाटले आणि वाईटही. राडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने 1985 साली त्यावर उतारा शोधला. स्विचांनी आपसांत बोलून एक झाड ठरवायचे. झाडाच्या फांद्या फुटतात, पण त्या परत येऊन एकमेकींना मिळत नाहीत, म्हणून फिरत राहायला वाटच उरत नाही. जी वायर झाडात बसत नाही ती स्विच आपणहून मिटून ठेवतो, आणि दुसरी तुटली तरच उघडतो. या बाईंनी ही युक्ती समजावण्यासाठी एक छोटी कवितासुद्धा रचली. ही व्यवस्था महागड्या स्विचांत असते. आमच्या शाळेचा स्विच स्वस्तातला होता. त्याला झाड ठाऊक नव्हते.

पेटीतला तिसरा डबा 'राउटर'. याची वंशावळ सगळ्यांत मोठी. अमेरिकेत 1969 साली विद्यापीठांचे संगणक जोडताना प्रत्येक ठिकाणी कपाटाएवढे एक यंत्र बसवले होते. निरोपाचे तुकडे वाटेला लावणे हेच त्याचे काम. तेच राउटरचे पूर्वज. त्या वर्षी 29 ऑक्टोबरला पहिला शब्द पाठवला गेला: 'लॉगिन'. त्यातली पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. म्हणजे ज्या जाळ्यावर आज जग चालते त्याची पहिली सकाळही आमच्या त्या संध्याकाळसारखीच उजाडली होती.

राउटर काय करतो? रेल्वेच्या डब्यात बसून टपाल निवडणारा कारकून आठवा. त्याला सोलापुरातली गल्ली ठाऊक नाही आणि असण्याचे कारणही नाही. पत्रावरचा पत्ता पाहून हे पत्र पुढच्या कोणत्या स्टेशनच्या थैलीत टाकायचे, एवढेच त्याने ठरवायचे. पुढचे पुढचा कारकून पाहील. म्हणून राउटर जन्मखूण पाहत नाही, पत्ता पाहतो. जन्मखूण माणसाबरोबर जाते, पत्ता घराबरोबर राहतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत असे सुमारे 429 कोटी पत्ते होऊ शकतात; ते अपुरे पडले म्हणून पुढे अधिक लांब पत्त्यांची पद्धत काढावी लागली. आणि राउटरच्या जगात एक शहाणपण आहे, जे माझ्या निळ्या वायरीजवळ नव्हते. प्रत्येक पत्रावर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झाले की पत्र फेकून द्यायचे. वाट चुकलेले पत्र जगभर भटकत राहत नाही.

महाराष्ट्रात या जाळ्याचे पहिले मोठे दार उघडले ते मुंबईत, जुहूला. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था तिथे होती. देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणारे 'अर्नेट' हे जाळे 1986-87 साली टेलिफोनच्या तारांवरून टपाल पाठवू लागले. जानेवारी 1991मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये सेकंदाला 9,600 खुणांची स्वतंत्र वाहिनी आली. पुढच्याच वर्षी जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला 64,000 खुणांची वाहिनी जोडली गेली. देशातल्या विद्वानांचे सारे परदेशी पत्रव्यवहार जेवढ्या दारातून जात, त्याच्या शेकडो पटींनी रुंद दार आज माझ्या विद्यार्थ्यांच्या खिशात असते. सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमाकडून.

राहिले दोन डबे. छताच्या मध्यावर पांढऱ्या थाळीसारखी एक वस्तू आहे, ती 'ॲक्सेस पॉइंट'. वायरीवाचून, हवेतून बोलायची सोय. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने 1971 साली समुद्रापलीकडच्या संगणकांना रेडिओने जोडले, तेव्हापासूनची ही विद्या. ईथरनेटची शिस्त मेटकाफला तिथूनच सुचली. हवा मात्र सगळ्यांची मिळून एकच. म्हणून इथे पुन्हा दवंडीचेच राज्य: एका वेळी एकाने बोलावे. वर्गातल्या चाळीस मुलांनी एकदम फोन उघडले की वेग का मंदावतो, याचे हे एक कारण.

दुसरी वस्तू 'फायरवॉल'. सोलापूरकराला ती एका शब्दात सांगता येते: वेस. तुळजापूर वेस, बाळीवेस ही नावे आजही आमच्या तोंडी आहेत. भिंती गेल्या, नावे राहिली. वेशीवरचा पहारेकरी येणाऱ्याला विचारी: कोठून आलास, कोणाकडे जायचे, कोणी बोलावले? फायरवॉल तेच विचारते. आतल्याने बोलावलेला पाहुणा येऊ द्यावा, न बोलावता आलेल्याला बाहेर थांबवावे. फक्त वेस दिवेलागणीला बंद होत असे, हिला रात्र नाही.

एवढे सगळे समजल्यावर एक दिवस मी स्टेशनच्या बाजूने चाललो होतो. तारेचे खांब आता दिसत नाहीत. तारेची सेवाच जुलै 2013मध्ये बंद झाली. ती बंद झाली त्या दिवशी तात्या जेवले नव्हते, असे त्यांच्या घरचे सांगतात. पण रेल्वेने 2000 साली 'रेलटेल' नावाची कंपनी काढली आणि रुळांच्या कडेने काचेचे तंतू पुरले. केसासारख्या त्या तंतूंतून प्रकाशाच्या चमका धावतात. 1860 साली ज्या वाटेने सोलापुराला आगगाडी आली, तिच्या सोबतीने तार आली, त्याच वाटेच्या मातीखालून आज जगाची पत्रे जातात. वाट कोणी नवी काढली नाही. फक्त गाडी बदलली; कुर्डुवाडीला बदलत असे तशी.

ती नववी मुलगी त्या वर्षभर माझ्याशी फारशी बोलली नाही. मी तात्यांच्या ओट्यावरून ऐकून आलेले वर्गात सांगत असे, तेव्हा मागच्या बाकावर बसून ऐकत मात्र असे. एकदा मधल्या सुट्टीत ती संगणक-खोलीत आली आणि म्हणाली, "सर, सगळ्या वायरी निळ्या आहेत, म्हणून घोटाळा झाला. मागावर असे करतात का? प्रत्येक रंगाचे सूत वेगळे ओळखू येते." मी कपाटातून रंग काढले. आम्ही दोघांनी दोन दिवस बसून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचे पट्टे काढले: हळदी, डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी. सोळा वायरी, बत्तीस टोके. आता एका रंगाची दोन टोके एकाच डब्यात दिसली की आंधळ्यालाही चूक कळावी.

पुढच्या वर्षी अर्ज उघडल्याच्या पहिल्याच दिवशी मी तिच्या आईला निरोप पाठवला. त्या सूप घेऊनच आल्या आणि दाराशी बसून पाने कातरत राहिल्या. पहिला अर्ज त्यांच्या मुलीचा भरला. पावती छापून हातात दिली तेव्हा तिने ती उलटसुलट करून पाहिली, घडी घातली आणि दप्तरात ठेवली. गेलेल्या वर्षाबद्दल ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ते वर्ष काही परत आले नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

पट्टे अजून आहेत. अंजिरी थोडा उडाला आहे. या सुट्टीत पुन्हा काढायचा आहे.